सुईचा साप

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मुकादम एका चादरीला हाताने इस्त्री करत होती. रुग्णालयाच्या धुलाईघरातून रोज अकराशे चादरी निघतात आणि त्यांतल्या एकीलाही कोणी हाताने इस्त्री करत नाही. त्यासाठी दोन तापलेले रूळ आहेत. इकडून ओली चादर सरकवली की तिकडून कोरडी, पुठ्ठ्यासारखी कडक होऊन बाहेर येते. ही चादर मात्र रुळांत घालण्यासारखी नव्हती. तिच्यावर कपड्यांच्या रंगाने शंभर घरं आखलेली होती. नऊ शिड्या, सात साप. इस्त्रीसाठी काढून ठेवलेली, सोंगट्या म्हणून वापरायची दोन बटणं मुकादमच्या तोंडात होती, एक पिवळं आणि एक निळं. अकरा वाजता तीन रुग्णालयांची माणसं ही चादर बघायला येणार होती, आणि तिला त्यावर एक सुरकुती नको होती.

मुकादम सत्तेचाळीस वर्षांची. कमरेला किल्ल्या, कानावर पेन. धुलाईघरात एकोणीस वर्षं, त्यांतली शेवटची पाच मुकादम म्हणून. तिला या कामावर आणलं तिच्या थोरल्या जावेने. जाऊबाई सत्तावीस वर्षं इथेच, मळक्या बाजूला. घरी त्यांचा शब्द चालतो आणि कामावर धाकटीचा, म्हणून यंत्रावरचा माणूस, ज्याला त्याच्या आवाजावरून सगळे भोंगा म्हणतात, रोज सकाळी दोघींना सोबत आत येताना बघून विचारतो, "आज कोण कोणाला ओरडणार आहे?" धुलाईघरात जाऊबाईंना सगळे थोरली म्हणतात. साहेबसुद्धा.

धुलाईघराच्या मधोमध भिंत आहे. अलीकडे मळकी बाजू, पलीकडे धुतली. मळक्या बाजूला निवडीची दोन टेबलं, प्रत्येकी चार माणसं. वॉर्डातून आलेली पोती टेबलावर उपडी करायची आणि धान्य निवडावं तसं निवडायचं: चादरी एकीकडे, झगे एकीकडे, टॉवेल एकीकडे. पोत्यातून काय निघेल सांगता येत नाही. चमचे निघतात, दातांची कवळी निघते, एकदा वाजणारा फोन निघाला होता आणि भोंग्याने तो उचलून "चुकीचा नंबर" म्हणून ठेवून दिला होता. आणि सुया निघतात. वॉर्डात कोणी घाईत टोचून झालेली सुई गादीवर ठेवतं, चादर गोळा होते, सुई तिच्या घडीत बसून खाली येते.

सुईचा नियम भिंतीवर लिहिलेला आहे. सापडली की घंटा वाजवायची, टेबल थांबवायचं, चिमट्याने ती पिवळ्या डब्यात टाकायची, आणि कुठल्या वॉर्डाच्या पोत्यातून आली ते लाल वहीत लिहायचं, म्हणजे त्या वॉर्डाला जाब विचारता येतो. यात आठ-दहा मिनिटं जातात. टोचलीच, तर हात वाहत्या पाण्याखाली धरायचा. पिळायचा नाही, चोळायचा नाही, नुसता धरायचा, दहा मिनिटं. मग तासाभरात वर डॉक्टरकडे. म्हणूनच इथे कोणी नळाखाली नुसता हात धरून उभं दिसलं, तर काय झालंय ते विचारावं लागत नाही.

खेळ सुरू झाला त्याला तीन महिने होऊन गेले होते. त्याआधीची वर्षं चिडचिडीची होती. सोमवारी आठातली पाचच माणसं यायची, गाड्या उशिरा निघायच्या, वॉर्डांतून फोन यायचे, आणि मुकादम दिवसभर ओरडून संध्याकाळी घसा बसवून घरी जायची. घरी तिची मुलगी फोनवर परकी भाषा शिकवणारा एक खेळ खेळायची. रोज धडा केला की एक छोटा दिवा पेटता राहायचा, एक दिवस चुकला की विझायचा. एकदा मुलगी अंगात एकशे दोन ताप असताना उठून बसली आणि धडा करून परत झोपली. मुकादमने विचारलं, "काय मिळतं यात?" मुलगी म्हणाली, "काही नाही गं. पण एकशे नव्वद दिवस झालेत." मुकादम रात्रभर त्या उत्तराचा विचार करत होती. फुकटच्या दिव्यासाठी पोरगी तापात उठते, आणि पगारासाठी माझी माणसं सोमवारी येत नाहीत.

तिने रद्द झालेली एक चादर घेतली आणि तिच्यावर सापशिडी काढली. फासा ठेवला नाही. दिवसाचं काम वेळेत झालं की त्या टेबलाचं बटण एक घर पुढे. आठवडाभर कोणी दांडी मारली नाही की शिडी. सापही आपणहून चावत नव्हते: गाडी उशिरा निघाली, चावला, वॉर्डातून चादर डागासकट परत आली, चावला. सर्वांत लांब साप तिने सुईचा काढला. सुई सापडून टेबल थांबलं की बटण असेल तिथून तीस घरं खाली. जे टेबल आधी शंभरावर पोचेल त्याच्या चौघांना जोडून दोन दिवस सुट्टी.

सुईवर साप काढताना तिचा हात अडखळला नव्हता. टेबल थांबतं म्हणजे नुकसान, नुकसान म्हणजे साप, इतका सरळ हिशेब. सुई वॉर्डातून येते आणि निवडणारा ती फक्त शोधतो, म्हणजे हा साप चूक करणाऱ्याला नाही तर चूक पकडणाऱ्याला चावतो, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिच्याच नाही, आणखी कोणाच्याही.

खेळ चालला. नुसता चालला नाही, धावला. सोमवारी आठच्या आठ माणसं हजर. पिवळ्या टेबलाची माणसं निळ्या टेबलाची पोती मोजायला लागली. भोंगा सकाळी आल्याआल्या घरांचा आकडा पुकारायचा. लाल वहीत पूर्वी महिन्याला पाच-सहा नोंदी असायच्या. पहिल्या महिन्यात दोन झाल्या, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात एकही नाही. साहेबांनी ते वर कळवलं. मुकादमने चादरीच्या वरच्या कोपऱ्यात लाल रंगाने लिहिलं: सुया शून्य.

ते शून्य काढताना तिला एक गोष्ट माहीत होती. पिवळा डबा तीन चतुर्थांश भरला की तो सील करून जाळायला पाठवतात आणि झाकणावर तारीख लिहितात. वहीत एकही नोंद नसलेल्या त्या तिसऱ्या महिन्यात तिने एक डबा सील केला होता. झाकणावरची तारीख तिच्याच अक्षरात होती. तिने तेव्हा स्वतःला सांगितलं, जुन्या सुया असतील.

आणखी एक गोष्ट तिला माहीत होती. अकरा दिवसांपूर्वी, गुरुवारी, सकाळी नऊच्या सुमारास ती मळक्या बाजूच्या दारातून आत डोकावली होती. थोरली नळापाशी पाठमोरी उभी होती. डावा हात पाण्याखाली, नुसता धरलेला. पिवळं बटण त्या दिवशी सत्त्याऐंशीवर होतं, आणि साहेबांनी पाहुण्यांची तारीख आदल्याच दिवशी कळवली होती. मुकादम दारात किती वेळ उभी राहिली हे तिला सांगता आलं नसतं. हात धुतायत, असं म्हणून ती मागे फिरली.

त्यानंतर घरी बारीकसारीक गोष्टी बदलल्या. दोघींचं स्वयंपाकघर एकच. थोरलीने भाजी चिरणं बंद केलं, सुरीला धार नाही म्हणाली. स्वतःचा टॉवेल बाथरूममधून उचलून खोलीत नेला. नेलकटर, जे त्या घरात सगळ्यांचं मिळून एक होतं आणि कधीच जागेवर सापडायचं नाही, तिने स्वतःसाठी नवीन आणलं. मुलगी आईला म्हणाली, "काकू रुसल्यात का तुझ्यावर?" मुकादम म्हणाली, "वय झालंय त्यांचं." सुरीला धार होती. तिनेच ती त्याच आठवड्यात लावून आणली होती.

साडेसहाला थोरली आज एकटीच आत आली. गाउन चढवला, केस टोपीत कोंबले आणि हातमोजे घातले. उजव्या हाताला जाड रबरी मोजा. डाव्याला आधी पातळ, मग त्यावर जाड.

"डाव्याला दोन का?" मुकादमने विचारलं. बटणं तोंडात असल्याने शब्द धड फुटले नाहीत.

"भेगा पडल्यात."

"या दिवसांत?"

"माझ्या भेगा आहेत, त्यांना दिवस कळत नाहीत." थोरली चादरीजवळ आली. "आणि बटणं गिळू नकोस. पिवळं गिळलंस तर आम्ही शंभरावर कसे पोचणार?"

मुकादम हसली, आणि हसल्यावर विषय संपला असं दोघींनी मानलं. चादर भिंतीवर टांगली गेली. पिवळं बटण शहाण्णवात, निळं चौऱ्याऐंशीत.

पाहुणे अकराला पाच कमी असताना आले. सहा जण, साहेब पुढे. मुकादमने आठवडाभर पाठ केलेलं बोलून दाखवलं: हजेरी, गाड्यांच्या वेळा, परत आलेल्या चादरी. आकडे खरे होते. टेबलांवरची माणसं काम करताकरता ऐकत होती आणि नेहमीपेक्षा ताठ उभी होती. एका पाहुण्याने चादरीचा फोटो काढला. दुसऱ्याने विचारलं, "ही कल्पना कुठल्या प्रशिक्षणातली?" साहेब म्हणाले, "ही आमच्या मुकादमबाईंच्या डोक्यातली." तिचे कान तापले. तेव्हा ते आनंदाने तापले होते.

पाहुण्यांत एक वयस्क परिचारिका होती. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात पाठकोरा कागद. ती सुईच्या सापाकडे बराच वेळ बघत होती.

"सुई सापडली आणि सांगितली, तर तीस घरं खाली?"

"हो."

"आणि सापडली, पण नाही सांगितली तर?"

मुकादम म्हणाली, "नियम आहे ना. सांगावंच लागतं."

"ते कळलं. नाही सांगितली, तर बटणाचं काय होतं?"

"काही नाही," मुकादम म्हणाली. "असेल तिथेच."

परिचारिकेने कागदावर काहीतरी लिहिलं. मग चष्मा लावून ती पिवळ्या टेबलाकडे वळली आणि सर्वांत वयस्क दिसणाऱ्या बाईला तिने विचारलं, "ताई, तुम्हाला शेवटची सुई कधी सापडली?"

थोरलीने मान वर केली. परिचारिकेकडे बघण्याआधी तिने मुकादमकडे बघितलं. ती नजर लांबली नाही, पण मुकादमला तेवढ्यात तिच्यातलं सगळं वाचता आलं. सत्तावीस वर्षं या बाईने डाग असलेली चादर स्वच्छ म्हणून पुढे ढकलली नव्हती. टॉवेल एक कमी भरला तरी ती पोतं परत उघडायची.

"आठवत नाही बाई," थोरली म्हणाली. "आता नाही सापडत."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या. भोंग्याने यंत्र बंद करून वाजवल्या. मुकादमचे कान अजून तापलेलेच होते, पण आता दुसऱ्या कारणाने, आणि तिला वाटलं की तो फरक बाहेरून दिसत असणार.

बाराला पाहुणे चहाला वर गेले. मुकादमला बोलावणं होतं. ती गेली नाही. ती पिवळ्या डब्यापाशी गेली आणि तिने तो उचलून हलवला. आत पाच-सहा सुया सरकल्याचा आवाज झाला. हा डबा तीन आठवड्यांपूर्वी नवा लावलेला. तिने तो खाली ठेवला आणि थोरलीला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं.

दार लावून ती म्हणाली, "मोजा काढा जाऊबाई."

"कशाला?"

"काढा."

थोरलीने जाड मोजा काढला, मग पातळ. भेगा नव्हत्याच. डाव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. बोटावर काही नव्हतं. नखाच्या बाजूला एक फिकट टिंब, तेही सांगितलं म्हणून दिसणारं.

"बघितलंस? काही नाहीये," थोरली म्हणाली.

"कुठल्या वॉर्डाची होती?"

"तिसरा मजला. झग्याच्या खिशात होती. मी खिसा उलटा केला आणि गेली आत."

"रक्त होतं सुईला?"

"मोजा लाल झाला होता. माझं की तिच्यातलं, काय सांगू?"

मुकादम बाकावर बसली. थोरली उभीच राहिली. घरी कधी असं होत नसे.

"सांगितलं का नाही मला?"

"तू भिंतीवर शून्य लिहून ठेवलं होतंस." थोरलीने पातळ मोजा नीट घडी करून खिशात ठेवला. "पाहुणे येणार म्हणून घरी आरशासमोर बोलून बघत होतीस. तुझी पोरगी मला दाखवत होती भिंतीआडून. मी मध्येच येऊन काय सांगू, की शून्य पूस?"

"हो. तसंच सांगायचं."

"आणि खरं सांगू का," थोरली म्हणाली, आणि आता तिने नजर खाली घातली, "जिंकायचंही होतं गं. टेबलावरच्या तिघी म्हणत होत्या, थोरली आहे म्हणून आपण पुढे आहोत. एकोणसाठाव्या वर्षी मला कोण असं म्हणतं? तीस घरं माझ्यामुळे गेली असती. मी म्हटलं, धुतलाय हात, पुरे झालं. दोन दिवसांनी भीती वाटायला लागली, पण तोवर उशीर झाला होता. आता सांगितलं तर आधी का नाही, हे सांगावं लागलं असतं."

यंत्राचा पिळणीचा आवाज भिंतीतून येत होता. मुकादम मनात वाक्यं जुळवत असतानाच थोरली म्हणाली, "तू बघितलंस ना मला? नळापाशी."

मुकादमने कमरेच्या किल्ल्या मुठीत धरल्या.

"नळावरच्या टाइल्समध्ये दार दिसतं," थोरली म्हणाली. "मला वाटलं, आता येईल. ओरडेल, हाताला धरून वर नेईल. मी सुटले असते. सांगावं लागलं नसतं मला. मग तू गेलीस. मी म्हटलं, तिला दिसलं नसेल."

"दिसलं होतं," मुकादम म्हणाली.

हे दोन शब्द म्हणायला तिला अकरा दिवस लागले होते. म्हटल्यावर हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. थोरलीने नुसती मान डोलावली, पोत्यावरची चिठ्ठी आणि आतला माल जुळला की डोलावते तशी, आणि म्हणाली, "चल मग, कुठे जायचं ते."

वर अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होता. त्याने तारीख ऐकली आणि पेन खाली ठेवलं. एचआयव्ही टाळायचं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करायचं असतं, तो म्हणाला, जितकं लवकर तितकं बरं. अकरा दिवसांनी त्याचा उपयोग नाही. आता रक्त बघत राहायचं. आज एकदा, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी.

"आणि मधे काय करायचं?" थोरलीने विचारलं.

"वाट बघायची. बहुतेकांना काही होत नाही. शेकड्यात एखाद्यालाही क्वचित. पण होणारच नाही, असं मी सांगू शकत नाही."

त्याने लसींचं कार्ड मागितलं. थोरलीने ते पाकिटातून काढलं. चार घड्या घातलेलं, पण तिन्ही शिक्के जागेवर. "काविळीची एक काळजी गेली," डॉक्टर म्हणाला. "उरलेल्या दोनची, एचआयव्ही आणि सी-काविळीची, तपासणी करू." मग त्याने फॉर्म पुढे ओढला. "कळवायला उशीर का झाला?"

"मी घाबरले," थोरली म्हणाली.

"असं लिहू नका," मुकादम म्हणाली. "मी पर्यवेक्षक आहे. मी त्यांना नळाखाली हात धरलेलं त्याच दिवशी बघितलं आणि विचारलं नाही. आणि आमच्याकडे सुई सांगितली की घरं कमी होतात, असा एक खेळ आहे, तोही मीच काढलाय."

डॉक्टरने फॉर्म वळवून तिला दाखवला. "बाई, कारणाला एकच ओळ आहे."

तिने पेन घेतलं आणि त्या ओळीत लिहिलं: पर्यवेक्षकाने पाहूनही कळवलं नाही. खाली सही केली. रक्त घेताना थोरलीने तोंड दुसरीकडे फिरवलं. सुई तिला आधीपासूनच आवडत नसे. सत्तावीस वर्षं ती सुया निवडत होती, हा भाग वेगळा.

साहेबांना ते सव्वादोनला कळलं. त्यांनी आधी थोरलीची चौकशी केली, आणि ती मनापासून केली. मग दार लावून घेतलं.

"आज पाहुणे टाळ्या वाजवून गेले आणि आजच हे?"

"आजचं नाही साहेब. अकरा दिवसांपूर्वीचं."

"तेच म्हणतोय. वहीत आजची तारीख टाकली तर उशीर झाला असं दिसणार नाही. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

"आणि सहा आठवडे कुठल्या तारखेपासून मोजायचे?"

साहेब म्हणाले, बघू, वर विचारावं लागेल, तुमचं मुकादमपद माझ्या एकट्याच्या हातात नाही. ती म्हणाली, "हो." तिने वहीत गुरुवारची तारीख लिहिली, तिसरा मजला लिहिला, थोरलीच्या नावाशेजारी साक्षीदाराच्या रकान्यात स्वतःचा हुद्दा लिहिला. साहेब उलट्या बाजूने वाचत होते.

तीनला पाळी सुटायच्या आधी तिने मळक्या बाजूची आठही माणसं आणि भोंग्याला टेबलांपाशी थांबवलं. असं उभं राहून ती रोज घरांचे आकडे सांगायची. आज तिने काय झालं ते सांगितलं: सुई, गुरुवार, नळ, दार. स्वतःचा भाग तिने शेवटी ठेवला नाही, मध्येच सांगितला, कारण शेवटी ठेवला तर तो राहून जाईल अशी तिला भीती होती. थोरली टेबलाला टेकून उभी होती आणि डाव्या हाताची बाही खाली ओढत होती.

कोणी "जाऊ द्या बाई" असं म्हणालं नाही, आणि मुकादमला तेच योग्य वाटलं.

"या तीन महिन्यांत कोणाकोणाला सुया सापडल्या?" तिने विचारलं. "डब्यात सुया आहेत, वहीत नोंदी नाहीत. मला आकडा पाहिजे. नावं नकोत."

भोंगा, जो कधी हळू बोलत नसे, हळू म्हणाला, "यंत्राच्या जाळीत दोन मिळाल्या होत्या. धुऊन निघालेल्या."

"मला तीन," निळ्या टेबलावरची एक म्हणाली.

"मला एक," तिच्या शेजारची म्हणाली.

"आमच्या टेबलावर थोरलीची धरून पाच," पिवळ्यावरून आवाज आला. "मी चिमट्याने गुपचूप टाकल्या. घंटेला फडका बांधला होता आम्ही."

मुकादमने घंटेकडे बघितलं. टोल्याभोवती टॉवेलची चिंधी गुंडाळलेली होती, नीट, दोन गाठी मारून. ती रोज या घंटेखालून आत येत होती.

अकरा झाल्या. सगळ्यांनी खरं सांगितलं असेल तर. थोरलीची वहीत आधीच होती; तिने उरलेल्या दहा ओळी लिहिल्या आणि ज्यांचे वॉर्ड कोणाला आठवले नाहीत तिथे 'माहीत नाही' लिहिलं. असं आठदा लिहावं लागलं. त्या आठ सुयांबद्दल आता कुठल्याच वॉर्डाला जाब विचारता येणार नव्हता.

मग ती स्टुलावर चढली आणि चादरीच्या दोऱ्या सोडायला लागली.

"म्हणजे खेळ बंद?" निळ्या टेबलावरच्या बाईने विचारलं. "आम्ही चौऱ्याऐंशीवर आहोत. आमचा काय दोष?"

"तुम्हीच चार लपवल्यात की," पिवळ्यावरची म्हणाली. "म्हणजे एकशेवीस घरं. शून्याच्या खाली गेलात तुम्ही."

"आणि तुमच्या पाच. तुमचं तर तळघर खणावं लागेल."

दोघीतिघी हसल्या. थोरलीसुद्धा हसली, आणि मग तिने विचारलं, "नुसता तो साप काढून टाकला तर? बाकीचं चांगलं होतं. सोमवारी सगळे यायचे."

मुकादम स्टुलावर चादर हातात धरून उभी होती. खेळाने माणसं आणली होती, हे खरं होतं; दोन दिवसांची सुट्टी सोडली तर तो शाबासकीशिवाय काही देत नव्हता आणि तरी त्यांनी घंटेला फडका बांधला होता, हेही खरं होतं. "मला विचारू नका," ती म्हणाली. "तुम्ही आठ जणांनी ठरवा. सुई सापडली तर काय, ते आधी ठरवा, मग बाकीचं. मी पुन्हा चादर आखणार नाही, ती मी एकदा आखली." बटणं होती तिथेच ठेवून तिने चादरीची घडी घातली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. खाली उतरल्यावर तिने घंटेवरची चिंधी सोडली. गाठी ओल्या हातांनी मारलेल्या होत्या, वाळून घट्ट झालेल्या. दातांनी सोडाव्या लागल्या. मग तिने घंटा एकदा वाजवून बघितली. वाजली.

घरी जाताना दोघी नेहमीसारख्या एकाच बाकावर बसल्या. थोरली खिडकीपाशी. चार थांबे गेल्यावर ती म्हणाली, "घरी काय सांगायचं?"

"जे झालं ते."

"तुझंही?"

"माझंच आधी."

"पोरीला सांगू नकोस दाराचं," थोरली म्हणाली. "तिला आई म्हणून तूच आहेस."

मुकादमने ते ऐकून घेतलं, पण हो म्हटलं नाही. संध्याकाळी, मुलगी फोन घेऊन धडा करायला बसली तेव्हा, तिने समोर बसून सगळं सांगितलं, दाराचंही. मुलीने फोन पालथा ठेवला. बराच वेळ ती काकूच्या खोलीच्या दाराकडे बघत होती, मग आईकडे बघायला लागली, आणि ती नजर मुकादमला टाळता आली नाही. त्या दिवशीचा धडा राहिला. दिवा विझला असणार. कोणी बघितलं नाही.

सुरी घेऊन थोरली ओट्याशी आली होती. मुकादमने तिच्या हातातून ती घेतली नाही, आणि राहू द्या असंही म्हणाली नाही. तिने फक्त भाजीचं ताट पुढे सरकवलं. थोरलीने एक तुकडा चिरला, पात्याकडे बघितलं आणि म्हणाली, "धार आहे की."

"आहे," मुकादम म्हणाली.

निकाल काहीही येवो, तीन महिने थोरलीला मळक्या बाजूला पाठवायचं नाही, असं डॉक्टरने कुठे म्हटलं नव्हतं. ते थोरलीनेच मागितलं: थोडे दिवस धुतल्या बाजूला घड्या घालते. त्यामुळे पिवळ्या टेबलावर एक जागा रिकामी आहे, भिंतीकडून दुसरी, नळाच्या समोरची. नवीन माणूस महिनाअखेरीशिवाय मिळत नाही. आजच्या रक्ताचा अहवाल उद्या दहानंतर चार नंबरच्या खिडकीवर मिळेल. त्याआधी, सव्वासहाला, पहिली गाडी येईल. मंगळवारी तिच्यात तिसऱ्या मजल्यावरची चौदा पोती असतात, आणि उद्या ती भिंतीकडून दुसऱ्या जागेवर उभी राहून मुकादम स्वतः निवडणार आहे.